'आर. निखिल' म्हणजे कोणाचा कोण?

कागदोपत्री : वाचकांचे प्रश्न, हेडक्लार्कबाईंची उत्तरं

पत्र पहिलं

बाई, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा तीन वर्षांपासून अमेरिकेत नोकरीला आहे. त्याचं कागदावरचं नाव रामचंद्र. हे माझ्या वडिलांचं नाव. ते गेले त्याच वर्षी हा झाला, तेव्हा आईपुढे कुणाचं काही चाललं नाही. पण सासूच्या देखत सासऱ्यांचं नाव घेऊन पोराला ओरडायचं कसं? म्हणून आमच्या हिने बाराव्या दिवसापासूनच 'निखिल' सुरू केलं. घरात निखिल, गल्लीत निखिल, क्रिकेटच्या मैदानावर निखिल. रामचंद्र फक्त हजेरीला आणि निकालाच्या दिवशी.

त्याच्या पासपोर्टात एका ओळीत 'रामचंद्र सुरेश' आहे आणि दुसऱ्या ओळीत आडनाव. तिकडच्या साहेबाचं पहिलं नाव विल्यम, पण सगळं ऑफिस त्याला क्रेग म्हणतं. क्रेग हे त्याचं मधलं नाव. सहीसुद्धा 'डब्ल्यू. क्रेग' अशी. त्याला वाटलं, या पोराचंही आपल्यासारखंच असणार. त्याने दोन आठवडे याला 'सुरेश, सुरेश' अशा हाका मारल्या. सुरेश मी! फोनवर ऐकलं तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण आता मुलगा म्हणतो, साहेबाची पद्धत बरी आहे, मीही 'आर. निखिल' आणि पुढे आडनाव असंच लिहिणार. ईमेलवर, कार्डावर आणि जमलं तर पुढे पासपोर्टातही. मी विचारलं, आणि माझं नाव? तर म्हणाला, "बाबा, मध्ये एकच जागा असते."

असं नाव कायद्याने चालतं का? आणि मला जे वाटतंय तो खुळेपणा आहे का, तेही सांगा.

सु. रा., इचलकरंजी

सुरेशराव, तुमचं पत्र वाचून मी आधी चहा टाकला. असे प्रश्न घाईत सुटत नाहीत.

आधी त्या क्रेगसाहेबांचं. ही त्यांची लहर नाही, तिकडची जुनी रीत आहे. मुलाला दोन नावं ठेवायची आणि दोन्ही त्याचीच. पहिलं नाव बहुतेकदा बापाचं नाहीतर आजोबांचं. मग एका घरात एकाच नावाचे दोघं-तिघं होतात आणि हाक मारली की सगळेच वळून बघतात. म्हणून पोराला मधल्या नावाने हाक मारायची. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचं खरं पहिलं नाव जॉन, कारण वडीलही जॉन. वुड्रो विल्सन कागदावर थॉमस, ग्रोव्हर क्लीव्हलंड कागदावर स्टीफन. अणुबॉम्बवाले ओपनहायमर आयुष्यभर 'जे. रॉबर्ट' राहिले. त्यातला 'जे.' ज्यूलियस, म्हणजे त्यांच्या वडिलांचं नाव. आणि आपल्या मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात 1865 साली जन्मलेले 'जंगल बुक'वाले किपलिंग हे मुळात जोसेफ रड्यार्ड. त्यांचे वडील त्याच जे. जे.मध्ये शिकवायचे. तेही जॉन लॉकवूड असून लॉकवूड नावानेच ओळखले जायचे. म्हणजे तुमच्या घरासारखीच गत! आजोबांचं नाव कागदाला, दुसरं तोंडाला.

माझा आवडता मात्र ग्रँट. त्याचं पाळण्यातलं नाव हायरम युलिसिस, घरचे म्हणायचे युलिसिस. 1839 साली लष्करी शाळेसाठी त्याची शिफारस ज्या लोकप्रतिनिधीने पाठवली, त्याने हायरम गाळलं आणि मध्ये भलताच 'एस.' घातला. शाळेच्या दप्तरात जे चढलं ते चढलं. पोराने सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. पुढे सेनापती झाला, राष्ट्राध्यक्ष झाला, तो 'एस.' गेला नाही तो नाहीच. मी तेहेतीस वर्षं शाळेचं जनरल रजिस्टर लिहिलं. ही गोष्ट ऐकल्यावर मला त्या दप्तरातल्या कारकुनाचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे येतो. "आता नोंद झाली, बदलता येणार नाही." हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय!

आता आपलं बघा. आपल्या नावात मधली जागा आपली नसतेच, ती नात्याची असते. पहिलं नाव माझं, शेवटचं घराण्याचं, मधलं 'कोणाचा' किंवा 'कोणाची' याचं उत्तर. गावात पोराला विचारायचे तेही असंच, "कुणाचा रे तू?" नाव नंतर. तुमचा मुलगा म्हणतो मध्ये एकच जागा असते, ते बरोबर आहे. पण ती रिकामी नव्हती. तिथे तुम्ही राहत होता.

आता गंमत बघा. 'आर. निखिल' एवढी पाच अक्षरं तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वाचली जातात. क्रेगसाहेब वाचतील, याचं पहिलं नाव 'आर.'वरून काहीतरी, पण हा निखिल. बरोबर. चेन्नईचा माणूस वाचेल, हा निखिल, आणि 'आर.' याचे वडील. कारण तिकडे वडिलांच्या नावाचं अक्षर आधी आणि स्वतःचं नाव शेवटी पूर्ण. (आपल्या पुण्या-मुंबईला घरचेच वाटणारे आर. के. लक्ष्मण घ्या. 'आर.' म्हणजे रासिपुरम हे गाव, 'के.' म्हणजे कृष्णस्वामी हे वडील. लक्ष्मण तेवढं त्यांचं स्वतःचं.) म्हणजे चेन्नईत तुमच्या मुलाचे वडील होणार रामचंद्र. आणि इचलकरंजीच्या बँकेतला माणूस काय वाचेल? 'आर.' हा पोरगा आणि निखिल त्याचा बाप! मुलगा सुट्टीला येऊन खात्याची केवायसी करायला गेला की काउंटरवरची मुलगी मान वर न करता विचारणार, "वडिलांचं नाव निखिल ना?" तेव्हा तुम्ही शेजारी उभे असाल तर माझी आठवण काढा.

म्हणून तुम्हाला जे वाटतंय तो खुळेपणा नाही. मुलाचाही अपराध नाही. दोन देशांच्या फॉर्मांत एकच चौकोन आहे, त्यात तुम्ही दोघं मावत नाही.

चालतं का, हे विचारलंत. ईमेल, कार्ड, दारावरची पाटी, केबिनच्या काचेवरचं नाव, इथे त्याला कुणी विचारणार नाही. तिकडच्या बऱ्याच ऑफिसांच्या संगणकात कागदावरचं नाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं भरायची सोय असते. तिथे 'निखिल' भरला की काम झालं. 'आर.'सुद्धा लागत नाही. पण पगार, कर, व्हिसा, विमानाचं तिकीट हे सगळं पासपोर्टात जसं आहे तसंच. आपल्या पासपोर्टाला मधल्या नावाचा रकानाच नाही. दिलेलं नाव आणि आडनाव, असे दोनच. आपण मराठी माणसं 'दिलेल्या नावा'त स्वतःचं आणि वडिलांचं असं दोन्ही घालतो, आणि तिकीट काढलं की विमान कंपनी ते चिकटवून 'रामचंद्रसुरेश' असं एक लांबलचक नाव छापते. घाबरायचं कारण नाही, ते तसंच असतं. तिकडच्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या लेखी तर मधलं नाव हा कायदेशीर नावाचा भागच धरत नाहीत. पहिलं आणि आडनाव, बस्स. तिकडे तुमच्या जागेला कुणी विचारत नाही, आणि इकडे त्या जागेवाचून फॉर्म पुढे सरकत नाही.

पासपोर्टच बदलायचा म्हणाल तर ते वेगळं प्रकरण. आधी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात, मग आधार, पॅन, बँक, मग पासपोर्ट. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा एक बदल असा हौसेपायी खर्चू नये. पॅनच्या अर्जात नावाच्या जागी नुसतं आद्याक्षर चालत नाही, म्हणजे 'आर. निखिल' तिथे पहिल्याच रकान्यात अडकणार. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पदवीवर रामचंद्रच राहणार, म्हणून राजपत्राची प्रत त्यांच्याबरोबर आयुष्यभर बाळगायची. आणि मुलगा पुढेमागे तिकडचं नागरिकत्व घेणार असेल तर त्या अर्जातच नाव बदलून मागायची सोय आहे. मग आत्ता एवढा खटाटोप कशाला?

याउपर त्याला बदलायचंच असेल तर माझा सल्ला असा. 'आर. निखिल' नको, 'निखिल सुरेश' करावं. रामचंद्र जाऊ दे, सुरेश राहू दे. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही, आपल्याकडे हेच होत आलंय. लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात म्हणायचे बाळ. पुढे सगळ्या देशाला ते बाळ गंगाधर म्हणून माहीत झाले. केशव मागे पडलं, गंगाधरपंत जागच्या जागी राहिले. बाप बदलला तरच मधलं नाव बदलायचं, ही आपली रीत. म्हणजे दत्तक गेलं तर. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले, तेच आपले कुसुमाग्रज. गणेश आत्माराम खांडेकर दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. दोघंही विष्णू, आणि दोघांनाही ज्ञानपीठ. एकाला 1974चं, एकाला 1987चं. (म्हणून कुणी नातवाचं नाव बदलून विष्णू ठेवायला निघू नका.)

आणि दत्तक न जाता मधलं नाव बदलतं ते आम्हा बायकांचं. ते कसं बदलतं हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून थोडं विषयांतर करते.

मी 1980 साली शाळेत लागले तेव्हा सुमन. मध्ये वडिलांचं नाव. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर तसंच चढलं, खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. पुढच्या वर्षी लग्न झालं. मोठ्या जाऊबाईंचं नावही सुमन, आणि एका घरात दोन सुमन नकोत असं सासूबाईंचं म्हणणं. लक्ष्मीपूजनाला चांदीच्या ताटात तांदूळ पसरले, आणि ह्यांनी अंगठीच्या टोकाने त्यात माझं नवं नाव लिहिलं, 'वसुधा'. तांदळात लिहायची सवय कुणाला असते? 'ध'ची डोक्यावरची रेघ जरा जास्तच ओढली गेली आणि नणंदेने मोठ्यांदा वाचलं, "वसुघा!" सगळा मांडव हसला. मी खाली मान घालून ते ताट बघत होते. आपलं नाव दाण्यादाण्यांचं, ताट हललं की पुसलं जाणारं, असं काहीतरी तेव्हा मनात आलं होतं. पेढे वाटले गेले आणि ते मीही विसरले.

घरात, रेशनकार्डावर, दूधवाल्याच्या वहीत वसुधा. शाळेत सुमनबाईच. मस्टरवर तेहेतीस वर्षं मी एकच सही केली, 'सु.' आणि पुढे आडनाव. त्या 'सु.'त मी सगळी मावत होते. निवृत्त झाले आणि माझं पेन्शनचं प्रकरण एका कार्यालयातून परत आलं. वर त्रुटीची चिठ्ठी, "सुमन व वसुधा या एकच व्यक्ती असल्याबाबत पुरावा जोडावा." बँकखातं होतं वसुधाच्या नावावर, सेवापुस्तक सुमनच्या. शाळेतल्या चाळीसेक लोकांची पेन्शनची प्रकरणं मी भरली असतील, एकही परत आलं नव्हतं. स्वतःचं आलं! स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, "मी सुमन ऊर्फ वसुधा शपथेवर लिहून देते की..." त्यात सात महिने गेले. ह्यांना मी म्हटलं, तुम्ही तांदळात लिहिलंत ते राजपत्रात लिहायचं होतं. त्यावर काय बोलणार बिचारे!

तेव्हापासून 'ऊर्फ' या शब्दाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. लोक त्याला पोलिसांच्या यादीतला शब्द समजतात. पण दोन्ही नावं आणि मधलं नातं, काही न सोडता, एका ओळीत बसवणारा असा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही. पासपोर्टाच्या अर्जात 'आपण अन्य नावाने ओळखले जाता का' असा प्रश्न असतो, तो म्हणजे आपला 'ऊर्फ'च. तुमच्या मुलाने तिथे निखिल लिहिलं असतं तर आज एक कागद हाताशी असता.

एक आणखी. त्याला आद्याक्षराचीच हौस असेल तर मराठीत लिहून बघायला सांगा. इंग्रजी 'आर.'मध्ये रामचंद्र, रघुनाथ, ऋषिकेश सगळे सारखेच. मराठीत रा., र., ऋ., तिघं तीन. आपलं आद्याक्षर काना-मात्रा-वेलांटी घेऊन येतं, त्यात नावाचा चेहरा अर्धा तरी दिसतो. 'पु. ल.' म्हटलं की पुरुषोत्तमातला 'पु' ऐकू येतो. त्र्यंबकाचं 'त्र्यं.' तर एका अक्षरात अख्खं देऊळ. उलट श्रीधर महादेव जोशी यांचं इंग्रजी 'एस. एम.' लोकांच्या तोंडी इतकं घोळलं की त्याचं 'एसेम' असं मराठी नावच होऊन बसलं. तेव्हा 'रा. सु.' हे तुमच्या मुलाचं खरं आद्याक्षर. त्यात आजोबा आहेत आणि बापही. एकदा लिहून पाठवा त्याला, काय म्हणतो ते मला कळवा.

आणि हो, क्रेगसाहेबाने दोन आठवडे 'सुरेश' म्हणून हाक मारली याचं मला मुळीच हसू आलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी सुनेच्या तोंडून सासऱ्यांचं नाव निघेना म्हणून निखिल आला, आणि आता साता समुद्रापार एक गोरा माणूस तुमच्या मुलाला तुमच्या नावाने हाक मारतो. मुलगा त्या हाकेला ओ देत होता की नाही, तेवढं विचारून घ्या.

पत्र दुसरं

मी मार्चमध्ये लग्न करतेय. नाव आणि आडनाव बदलणार नाही, हे सासरी मान्य आहे. पण सासरे म्हणतात, निदान मध्ये तरी नवऱ्याचं नाव लाव, 'नाहीतर फॉर्म भरता येत नाहीत.' खरं आहे का?

क्ष, ठाणे

नाही. फॉर्म भरता येतात. मी एवढे भरलेत, माझ्यावर विश्वास ठेवा.

लग्न झालं म्हणून नाव बदलावंच असा कायदा नाही. पहिलं नाही, मधलं नाही, आडनावही नाही. बरेच लोक समजतात की तिन्ही एकदम बदलावी लागतात, किंवा निदान एक तरी. पॅनचा अर्ज काढून बघा. लग्न झालेल्या बाईलाही तिथे वडिलांचंच नाव विचारतात, नवऱ्याचं नाही. पॅन नंबरातलं पाचवं अक्षर तुमच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं. नंतर आडनाव बदललं तरी नंबर तोच राहतो. म्हणजे माहेर त्या नंबरात कायमचं बसलेलं आहे, हे सासऱ्यांना हसत हसत सांगायला हरकत नाही.

एकच गोष्ट काटेकोर पाळा. जे ठरवाल ते सगळीकडे एकसारखं. विम्याच्या कागदावर नवऱ्याचं, बँकेत वडिलांचं, गॅसच्या पुस्तकावर नुसतं अक्षर, असं अर्धवट करू नका. माझे सात महिने कशात गेले ते वर लिहिलंच आहे. लग्नाची नोंदणी मात्र पहिल्याच महिन्यात करून तिच्या चार प्रती काढून ठेवा. दोन नावांच्या मध्ये पूल घालायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

आणि तांदळात नाव लिहायचा कार्यक्रम करणार असाल तर करा की! तुमचंच नाव लिहायला सांगा. अक्षर कसं येतं ते तरी बघा.

पत्र तिसरं

माझी नात गेल्या वर्षी झाली. जन्मदाखल्यात तिच्या नावापुढे आधी सुनेचं नाव, मग मुलाचं, मग आडनाव असं आलंय. चार मजली नाव! हिने सही कशी करायची? आद्याक्षरं कोणती घ्यायची? आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

आजी, कराड

आजी, तुमच्या नातीचं बरोबरच आहे. राज्य सरकारने मार्च 2024 मध्ये ठरवलं की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम राहील. म्हणजे मधल्या घरात आता दोघं राहतात. इतकी वर्षं तिथे एकट्याचं बिऱ्हाड होतं, ते आता कुठे भरलं.

आमच्या वेळी शाळेत दाखल करताना पोराला घेऊन बहुतेक आईच यायची. मी विचारायचे, "पोराचं नाव?" "बंड्या." "कागदावरचं?" मग ती गोंधळून गुरुजींकडे बघायची, आणि गुरुजी समोरच्या कॅलेंडरवरचा देव बघून नाव सुचवायचे. जन्मतारीख माहीत नसायची, म्हणून 1 जून. आमच्या एका वर्गात 1 जूनचे नऊ जण होते. मग मी मध्ये वडिलांचं नाव लिहायचे, शेवटी आडनाव, आणि ती बाई अंगठा उठवायची. पोराचं नाव, वय, बाप सगळं त्या पानावर असायचं. त्याला ओढत घेऊन येणारी मात्र कुठेच नसायची. नंतर दाखल्यावर आईच्या नावाचा वेगळा रकाना आला, पण तो खाली, बाजूला.

सहीचं म्हणाल तर नात तीन-चार वर्षं तरी भिंतीवरच सह्या करणार आहे. पुढे तिने तिन्ही अक्षरं घ्यावीत नाहीतर एकही घेऊ नये. सही ही चित्रासारखी असते. ती नावाशी जुळावी लागत नाही, दर वेळी स्वतःशी जुळावी लागते. आद्याक्षरं मात्र दाखल्याच्या क्रमानेच लिहा, आधी आईचं, मग वडिलांचं. लाडाने उलटसुलट केलंत तर शाळेच्या संगणकात दुसरीच मुलगी तयार होईल.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. जन्मदाखल्यात बाळाचं नाव घातलंय ना, की नुसतं 'मुलगी' एवढंच आहे? शहरातल्या दवाखान्यात जन्म झाला की अनेकदा नाव कोरं राहतं. जन्मनोंदणीपासून वर्षाच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येतं. नातीचं वर्ष कधी भरतं ते बघा. आणि तिचं स्पेलिंग सुनेला, मुलाला आणि शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला, तिघांनाही वेगवेगळं लिहायला सांगा. तिन्ही सारखी आली तरच अर्ज द्या.

वाचकांना सूचना : पत्राखाली हवं तर नुसती आद्याक्षरं लिहा, तशीच छापू. पण पाकिटावर पूर्ण नाव आणि पत्ता हवा. गेल्या महिन्यात 'व. सु.' अशा सहीचं एक पत्र आलं, आणि संपादकांना वाटलं मीच मला प्रश्न विचारतेय.